२०६ हाडं डोक्यात कशी बसवायची?

पहिल्या वर्षाला प्रवेश झाला की आठवड्याभरात प्रश्न येतोच, "मॅडम, हाडं पाठ कशी करायची?" विचारणारी मुलगी नर्सिंगची असो, फिजिओथेरपीची, बीएएमएसची नाहीतर एमबीबीएसची, प्रश्न बदलत नाही. मिरजेत तो चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. १८९४ साली डॉ. वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल इथं उभं राहिलं, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि तेव्हापासून या गावात एका खोलीत तिघं राहणाऱ्या पोरांच्या कॉटखाली हाडांचा डबा असणं ही काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. हा डबा, म्हणजे बोन सेट, सीनियरकडून ज्युनियरकडे जातो. हल्ली त्यात प्लास्टिकची हाडंच जास्त दिसतात.

माझं उत्तर ऐकून मुलं जरा नाराज होतात. नावं डोक्यात घालायला जेवढा वेळ देता, त्याच्या दुप्पट वेळ ती बाहेर काढायला द्या, असं मी सांगते. पुस्तक मिटून, कोरा कागद समोर घेऊन, स्वतःच्या अंगावर बोट ठेवून. बाकीचं सगळं या एका सवयीच्या आधारानं चालतं.

पण आधी २०६ या आकड्याची भीती घालवू. हाडं २०६ असली तरी नावं तेवढी नाहीत. डावा हात शिकला की उजवा फुकट मिळतो. हाताची आणि पायाची बोटं मिळून छप्पन्न हाडं आहेत, त्या सगळ्यांना एकच नाव, फॅलँक्स. चोवीस बरगड्या, एक नाव. मणक्यांना मणका म्हटलं आणि पावलातल्या तीन क्युनिफॉर्मना एक धरलं, तर वेगवेगळी नावं जेमतेम पन्नास भरतात. पन्नास नावं म्हणजे तुमच्या बारावीच्या वर्गाचा पट. तो तुम्ही कधी पाठ केला नव्हता, तरी आला.

आता हिशेब. शरीराच्या मधल्या आसाची हाडं ८० आणि हातापायांची, खांदा-कमरेसकट, १२६. ऐंशीची फोड अशी: कवटी २२, दोन्ही कानांतली मिळून ६, गळ्यातलं हायॉइड १, पाठीचा कणा २६, बरगड्या २४ आणि छातीचं मधलं हाड, स्टर्नम, १. एका हाताची ३२, एका पायाची ३१. बेरीज स्वतः करून बघा. आणखी एक गंमत यातच आहे. एका पंजात २७ आणि एका पावलात २६, म्हणजे चारही मिळून १०६. अर्ध्याहून जास्त हाडं मनगटाच्या आणि घोट्याच्या पुढे आहेत. म्हणून अभ्यासाला कवटीपासून सुरुवात करू नका. पुस्तक तिथून सुरू होतं म्हणून मुलंही तिथून सुरू करतात आणि कवटीच्या आत दडलेल्या स्फीनॉइडपाशी पहिल्याच आठवड्यात दमतात. हातापासून सुरू करा, तो समोरच असतो.

एका वेळी किती घ्यायचं, यालाही उत्तर आहे. जॉर्ज मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५६ मध्ये मांडलं की माणूस एका दमात साधारण सात गोष्टी ध्यानात धरू शकतो. पुढच्या संशोधकांनी तो आकडा चारपर्यंत खाली आणला. पण गोष्ट म्हणजे एक सुटं नाव असं नाही, एक गठ्ठाही चालतो. मनगटातली आठ हाडं आठ म्हणून जड जातात, चार-चारच्या दोन ओळी म्हणून हलकी होतात.

गठ्ठा बांधायला ओळखीची दोरी लागते, आणि कण्यासाठी ती आपल्याकडे तयारच आहे. मानेचे मणके सात, पाठीचे बारा. सातबारा! सातारा-सांगलीकडच्या घरात हा शब्द शिकवावा लागत नाही. पुढचं मी मुलांना असं सांगते: सातबाऱ्यावर पाच भाऊ, पाच बहिणी, आणि वाद चार पिढ्यांचा. कमरेचे मणके पाच. त्याखाली सेक्रम, मुळात पाच मणके, मोठेपणी जुळून एक झालेले. शेवटी माकडहाड, बहुधा चार बारीक मणके जुळून बनलेलं. सगळे सुटे मोजले तर ३३, जुळलेले एकेक धरले तर २६. दोन पुस्तकांत दोन आकडे का दिसतात, त्याचा उलगडा इथंच होतो. जाता जाता, जिराफाच्या मानेतही मणके सातच असतात.

सुटा मणका हातात दिला तर कुठला हे ओळखायला एक सोपा नियम पुरतो. बाजूच्या फाट्यांत भोक असेल तर तो मानेचा. बरगडी टेकायची गुळगुळीत जागा असेल तर पाठीचा. दोन्ही नसेल आणि अंगानं दणकट असेल तर कमरेचा.

बोट ठेवा, मग नाव घ्या

हा भाग मला सगळ्यात आवडतो आणि मुलं याचाच सर्वात कमी उपयोग करतात. सांगाडा तुम्ही चोवीस तास बरोबर घेऊन फिरता. परीक्षेच्या हॉलमध्येही तो काढून ठेवायला सांगत नाहीत.

गळ्याखालच्या खळगीत बोट ठेवा. तिथून बाहेर, खांद्याकडे जाणारं आडवं हाड म्हणजे क्लॅव्हिकल. त्याच्या टोकाशी खांद्याचा जो माथा लागतो तो क्लॅव्हिकलचा नाही, मागच्या पात्याचा, म्हणजे स्कॅप्युलाचा. तिथूनच मागे हात फिरवला तर पात्याची आडवी कड लागते. आता परत खळगीत या आणि स्टर्नमवरून सरळ खाली उतरा. साधारण तीन बोटांवर एक आडवा उंचवटा लागेल. त्याच्या दोन्ही बाजूंना येऊन मिळते ती दुसरी बरगडी. पहिली क्लॅव्हिकलखाली दडलेली असते, त्यामुळे बरगड्या मोजायला सुरुवात या उंचवट्यापासूनच करतात. नर्सिंगच्या मुलींना हे ईसीजी लावताना रोज लागणार आहे. पहिले दोन छातीचे लीड बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत, स्टर्नमच्या उजव्या-डाव्या अंगाला लावायचे असतात, आणि चौथी फट शोधायला दुसरी बरगडी सापडावी लागते.

कोपर टेबलावर टेका. टेबलाला लागतं ते अल्नाचं टोक. कोपराच्या आतल्या बाजूचा गाठीसारखा भाग ह्युमरसचा, म्हणजे दंडाच्या हाडाचा. त्याच्या मागून अल्नर नर्व्ह ही नस जाते, म्हणून तिथं काही आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. पुढच्या हातात दोन हाडं, रेडियस आणि अल्ना. कुठलं कुठं? नाडी बघता ते अंगठ्याकडचं रेडियस. उरलेलं, करंगळीकडचं, अल्ना. आता कोपराच्या बाहेरच्या गाठीखाली एक बोट ठेवून तळवा उलटसुलट करा. बोटाखाली जे फिरतंय ते रेडियसचं डोकं. अल्ना जागेवर राहते, रेडियस तिच्यावरून फिरतं. परीक्षेत हमखास गोंधळ होतो तो इथं: रेडियसचं डोकं वर, कोपराशी असतं आणि अल्नाचं खाली, मनगटाशी. मनगटाच्या मागे करंगळीकडे जी गोल गाठ दिसते तेच अल्नाचं डोकं. एकदा हात फिरवून पाहिला की हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

पायात तेच. गुडघ्याखाली दोन हाडं, जाड टिबिया आणि बारीक फिब्युला. नडगी म्हणजे टिबियाची पुढची धार. आतला घोटा टिबियाचा, बाहेरचा फिब्युलाचा, आणि बाहेरचा थोडा खाली असतो. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, फिब्युलाचं डोकं हाताला लागतं, पण ते गुडघ्याच्या सांध्यात येत नाही. वजन मुख्यतः टिबियाच पेलते. कमरेवर हात ठेवून उभं राहिलात तर बोटं कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर असतात. दोन्ही कडा जोडणारी आडवी रेघ कमरेच्या चौथ्या मणक्याच्या पातळीवरून जाते. पाठीतून पाणी काढताना किंवा भूल देताना डॉक्टर हीच रेघ शोधतात. एसटीच्या कडक बाकावर दोन तास बसल्यावर जी दोन हाडं टोचतात ती इश्चियमची, म्हणजे कमरेच्या हाडाच्या खालच्या भागाची. त्या प्रवासाचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा.

असं करण्यामागचं कारण साधं आहे. नुसतं नाव वाचलं तर आठवायला एकच धागा मिळतो. जागा, स्पर्श, हालचाल आणि काम जोडलं गेलं की एक धागा सुटला तरी दुसरा हाताला लागतो.

मनगटातला टेम्पो

मनगटाच्या आठ हाडांसाठी इंग्रजीत पिढ्यानपिढ्या चालत आलेली वाक्यं आहेत. मुलं ती घोकतात आणि मग वाक्य आठवतं, हाड आठवत नाही. आपल्या भाषेत, आपल्या गावातलं वाक्य असलं की ते डोळ्यांसमोर उभं राहतं. माझं असं आहे: सांगलीचा लाल टेम्पो पळाला, टोलनाक्याला टाकी कोरडी, हुकला.

प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर एका हाडाचं. पहिले चार शब्द कोपराकडच्या ओळीचे, अंगठ्यापासून करंगळीकडे: स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म. पुढचे चार बोटांकडच्या ओळीचे, पुन्हा अंगठ्याकडूनच: ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. दोन 'ट' शेजारी आल्यानं गोंधळ होतो. त्यासाठी एवढंच लक्षात ठेवा की ज्याच्या शेवटी 'म' आहे ते ट्रॅपेझियम अंगठ्याला चिकटून. 'अंगठ्याला म' असं दोनदा म्हणा, बसेल.

पण वाक्य पाठ झालं म्हणजे काम संपलं असं समजू नका. ते फक्त दाराची किल्ली. आत जाऊन प्रत्येक हाडाला एक ओळख द्यायची. अंगठा ताणून वर केला की मनगटाशी जी खळगी पडते, तिच्या तळाशी स्कॅफॉइड. गाडीवरून पडून माणूस तळव्यावर आपटला आणि त्या खळगीत दाबल्यावर कळ आली, तर एक्स-रे चांगला दिसला तरी डॉक्टर सावध राहतात. स्कॅफॉइडचा बारीक फ्रॅक्चर पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसत नाही, आणि त्याचा रक्तपुरवठा बोटांकडच्या टोकातून मागे येत असल्यानं मधे मोडलं तर मागचा तुकडा सुकू शकतो. पिसिफॉर्म करंगळीच्या बाजूला तळव्याच्या मुळाशी हाताला लागतं, मनगट सैल सोडलं तर हलवताही येतं. कॅपिटेट आठांत मोठं, मधोमध बसलेलं. हॅमेटला हुकासारखा आकडा असतो. आता टेम्पो विसरलात तरी बिघडत नाही.

वाक्यं फार बनवू नका, हेही सांगते. जिथं क्रम महत्त्वाचा आणि जागा दाटीची, तिथंच ती उपयोगी. फीमरसाठी, म्हणजे मांडीच्या हाडासाठी, वाक्य बनवणारा विद्यार्थी मी पाहिलाय. शरीरातलं सर्वात लांब हाड, उंचीच्या जवळपास चौथा भाग. त्याला वाक्य कशाला?

कवटीसाठी मिरज-सांगली रस्ता

कवटीत मात्र हात लावून शिकायची सोय अपुरी पडते. मेंदूभोवतीची आठ: कपाळाचं एक, माथ्याची दोन, कानशिलांची दोन, मागचं एक, आणि आत दडलेली स्फीनॉइड, एथमॉइड. चेहऱ्याची चौदा, त्यांत सहा जोड्या आणि दोन एकटी, खालचा जबडा आणि व्होमर. यांतली सहा नावं बोटाला बाहेरून नीट सापडत नाहीत. अशा वेळी जुनी ग्रीक युक्ती कामाला येते. सिमोनिडीस नावाच्या कवीबद्दल सांगतात की मेजवानीच्या दालनाचं छत कोसळल्यावर कोण कुठं बसलं होतं हे आठवून त्यानं मृतांची ओळख पटवली. जागा लक्षात राहतात, आणि जागेला टांगलेलं काहीही लक्षात राहतं.

तर रोजचा रस्ता घ्या. मिरज स्टेशनवर छपराला पंख पसरून एक अवाढव्य वटवाघूळ लटकलंय: स्फीनॉइड, त्याला खरंच मोठे आणि छोटे पंख असतात. वानलेसवाडीत एक बाई रस्त्यातच हळद चाळतेय आणि सगळ्यांच्या नाकात वास जातोय: एथमॉइड, त्याच्या चाळणीतून वासाच्या नसा वर जातात. विलिंग्डन कॉलेजच्या फाटकात नांगराचा फाळ उभा रुतलाय, रस्ता दोन भागांत: व्होमर, नाकाच्या मधल्या पडद्याचा खालचा भाग. विश्रामबागेत निकाल बघून कोणीतरी रडतंय: लॅक्रिमल, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी. पुष्पराज चौकात गरम वडा खाऊन टाळू भाजली: पॅलाटाइन, टाळूचा मागचा भाग. राम मंदिरापाशी शंख वाजतोय: इन्फीरियर नेझल काँका, नाकाच्या आत गुंडाळलेलं हाड. चित्र जितकं विचित्र तितकं पक्कं. तुमचा रस्ता साताऱ्यातला असेल तर पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत लावा, माझी हरकत नाही.

विसरणं धरून चाला

हे सगळं आज केलं तरी परवा निम्मं गेलेलं असेल. त्यात तुमच्या बुद्धीचा दोष नाही. हर्मन एबिंगहाउस या जर्मन माणसानं निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून, किती विसरतो ते मोजून १८८५ साली छापलं. विसरण्याचा वेग सुरुवातीला फार आणि नंतर कमी होत जातो, असं त्याला दिसलं. म्हणून उजळणी लवकर करायची आणि मग अंतर वाढवत न्यायचं: दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, आठवड्यानं, तीन आठवड्यांनी. एका रविवारी सहा तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं जास्त टिकतात.

उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं, असं मात्र समजू नका. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. मला यातली पहिली अर्धी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. पुन्हा वाचणाऱ्याला त्याच क्षणी आपल्याला सगळं येतंय असं वाटतं, आणि थोडा वेळ ते खरंही असतं. पिवळ्या हायलायटरनं रंगवलेली पानं हा असाच भास. २०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. त्यांत अधोरेखन आणि पुनर्वाचन खालच्या पायरीवर होतं, स्वतःची चाचणी आणि अंतर ठेवून केलेला अभ्यास वरच्या.

करायचं एवढंच: कोऱ्या कागदावर हाताचं काटकुळं चित्र काढा, कसंही, आणि हाडांची नावं भरा. अडलं तरी लगेच पुस्तक उघडू नका, अर्धा मिनिट झगडा. मग लाल पेननं चुका भरा. दुसऱ्या दिवशी फक्त लाल जागा. घरात पडलेल्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूंची कार्डं छान होतात. एका बाजूला "कोपर टेकल्यावर टेबलाला काय लागतं?", दुसरीकडे उत्तर. पाच कप्प्यांचा डबा करा. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, पाचवा महिन्यातून एकदा. सेबास्टियान लाइटनर यांची ही पद्धत. मोबाइलवर अँकी नावाचं ॲप हेच काम करतं, पण मोबाइल हातात आला की पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

अकरावी-बारावीची, नीटची तयारी करणारी मुलं हे वाचत असतील तर त्यांना इथपर्यंतचंही पुष्कळ झालं. त्यांना मुख्यतः आकडे, गट आणि सांध्यांचे प्रकार लागतात.

बीएएमएसच्या मुलांना मात्र आणखी एक हिशेब ठेवावा लागतो. सुश्रुतसंहितेत हाडं ३०० सांगितली आहेत: हातापायांत १२०, धडात ११७, मानेपासून वर ६३. चरकसंहितेत ३६०. यात कोण चुकलं हा प्रश्न गैरलागू आहे, कारण मोजायचं काय हेच वेगळं. सुश्रुतात दात म्हणजे रुचक आणि नाक-कानाची कूर्चा म्हणजे तरुण हेही हाडांत धरलेत, चरकात नखंसुद्धा. आधुनिक २०६ हीसुद्धा मोठ्या माणसाची ठरवून घेतलेली मोजणी आहे. जन्मलेल्या बाळात २७० ते ३०० सुटे भाग असतात, पुढे ते जुळतात. गुडघ्याची वाटी मोजणीत आहे, पायाच्या अंगठ्याखालची दोन इवली हाडं नाहीत.

हातात हाड दिल्यावर

तोंडी परीक्षेत नाव सांगून सुटका होत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला: कुठल्या बाजूचं? इथं तीन दिशा सापडल्या की उत्तर येतं: वर-खाली, पुढे-मागे, आत-बाहेर. फीमरचं गोल डोकं वर आणि आत, मधल्या दांड्याची खरखरीत धार मागे. मग ते तुमच्या उजव्या मांडीशी जुळतं की डाव्या, एवढंच बघायचं. ह्युमरसचं डोकं वर-आत, खालच्या टोकाचा खोल खड्डा मागे, अल्नाचं टोक त्यातच बसतं. क्लॅव्हिकलचं चपटं टोक बाहेर, जाड टोक आत. आतला मोठा भाग पुढे फुगलेला आणि खालच्या अंगाला लांबट खाच. प्रत्येक हाड बोलून दाखवायच्या आधी स्वतःच्या अंगाला लावा. परीक्षक रागावत नाहीत, उलट त्यांना तेच हवं असतं.

सगळ्यात जास्त पोरं फिब्युलावर अडकतात, कारण ती दोन्ही बाजूंनी काठीसारखीच दिसते. तिचं चपटं टोकदार टोक खाली धरा. त्या टोकावर सांध्याची तिकोनी गुळगुळीत जागा दिसेल, ती आत. तिच्या मागे-खाली एक खड्डा, तो मागे. तो खड्डा सापडेपर्यंत डावं-उजवं काही बोलू नका.